आकार सोडते, आकारमान सोडत नाही: ताणलेल्या रबराचे संगणकी गणित

एक रुंद रबरी पट्टी घ्यावी, ती न ताणता तिच्यावर पेनाने एक सेंटिमीटर बाजूचा चौरस काढावा आणि मग पट्टीची लांबी दुप्पट होईपर्यंत ती हळूहळू ताणावी. चौरसाची ताणाच्या दिशेतली बाजू दोन सेंटिमीटर झालेली दिसते, यात नवल काही नाही. आडवी बाजू मात्र मोजून पाहावी: ती सुमारे सात मिलिमीटर भरते. जाडी मोजण्याचे साधन हाताशी असेल तर जाडीही मूळच्या सात दशांशावर आलेली आढळेल. सात दशांश गुणिले सात दशांश म्हणजे जवळजवळ निम्मे, आणि लांबी दुप्पट. म्हणजे घनफळ होते तेवढेच राहिले. रबर आकार सोडायला चटकन तयार होते, आकारमान सोडायला मात्र तयार होत नाही. ताणलेल्या रबराचे वर्तन संगणकावर उभे करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका स्वभावातून निघतात. काही अडचणी आकार फार बदलतो म्हणून येतात, तर काही आकारमान मुळीच बदलत नाही म्हणून येतात.

आधी पहिल्या प्रकाराकडे पाहू. रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असतो: जेवढे बल, तेवढी वाढ. पोलादाच्या तुळईला हा नियम उत्तम लागू पडतो, कारण नेहमीच्या भाराखाली तिची लांबी हजारात एखाद्या भागानेच बदलते आणि तुळईचा आकार मूळचाच आहे असे धरून चालले तरी हिशेब बिघडत नाही. आपण असे काही धरून चाललो आहोत, हेही बहुधा लक्षात येत नाही. प्रतिबल म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ; पण कोणते क्षेत्रफळ, ताणण्याआधीचे की ताणल्यानंतरचे, हा प्रश्न पोलादाच्या बाबतीत कोणी विचारत नाही. वरच्या पट्टीच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. तिचा छेद निम्मा झालेला असल्यामुळे प्रत्यक्ष प्रतिबल हे मूळ क्षेत्रफळावर मोजलेल्या प्रतिबलाच्या बरोबर दुप्पट भरते. अहवालात नुसते ‘प्रतिबल’ लिहिलेले असेल आणि कोणते ते सांगितलेले नसेल, तर तो आकडा वापरण्याआधी विचारून घेणे बरे.

रबर एवढे ताणले कसे जाते, हे समजले म्हणजे पुढचे गणित परके वाटत नाही. पोलाद ताणताना अणू एकमेकांपासून थोडे दूर ओढले जातात आणि त्यांच्यातले आकर्षण त्यांना परत खेचते. रबरात तसे होत नाही. रबर म्हणजे लांबच लांब, गुंतलेल्या, सतत वळवळणाऱ्या रेणुसाखळ्यांचा पुंजका होय. व्हल्कनायझेशनच्या प्रक्रियेत गंधकामुळे या साखळ्या अधूनमधून एकमेकींशी सांधल्या जातात, म्हणून त्या एकमेकींवरून घसरून कायमच्या निसटत नाहीत. चुरगळलेल्या अवस्थेत राहण्याचे मार्ग साखळीपुढे असंख्य असतात, तर ताणून सरळ केलेल्या अवस्थेत राहण्याचे मार्ग मोजकेच असतात. त्यामुळे उष्णतेने हलणारी साखळी आपोआप चुरगळलेल्या अवस्थेकडे परतते. रबराची ओढ ती हीच. भौतिकशास्त्राच्या भाषेत ती एन्ट्रॉपीची ओढ आहे.

याचा पुरावा ओठांवर मिळतो. रबरी पट्टी झटकन ताणून लगेच ओठांना लावली तर ती किंचित कोमट लागते. थोडा वेळ ताणलेलीच ठेवून एकदम सैल सोडली आणि पुन्हा ओठांना लावली तर गार लागते. जॉन गफ या इंग्रज निरीक्षकाने १८०५ मध्ये हे नोंदवले होते आणि जेम्स ज्यूलने १८५९ मध्ये त्याची काटेकोर मोजमापे प्रसिद्ध केली. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की वजन टांगून ताणलेले रबर तापवले तर ते लांबण्याऐवजी आखडते, कारण तापमान वाढले की साखळ्यांची वळवळ वाढते आणि त्यांची ओढही वाढते. सिम्युलेशन करणाऱ्याला यातून एक व्यावहारिक धडा मिळतो: एका तापमानाला मोजलेला रबराचा ताठपणा दुसऱ्या तापमानाला जसाच्या तसा वापरू नये.

साखळ्या सरळ होण्यासाठी रबराचे आकारमान बदलण्याची गरज नसते. आकारमान बदलू पाहिले तर मात्र रेणू एकमेकांवर दाबले जातात आणि तिथे रबर एखाद्या द्रवासारखे वागते. आकडे बोलके आहेत. आकार बदलण्याला होणारा विरोध, म्हणजे दृढता गुणांक, मऊ रबरात एक मेगापास्कलच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. आकारमान बदलण्याला होणारा विरोध सुमारे दोन हजार मेगापास्कल असतो. एकाच पदार्थात हजारो पटींचा हा फरक नांदत असतो, आणि त्याची किंमत संगणकाला कशी मोजावी लागते ते पुढे येईलच.

आता नियम. रबरासाठी बल आणि वाढ यांचा थेट संबंध लिहिण्याऐवजी, एखाद्या ठिकाणचे रबर अमुक प्रमाणात ताणले गेले असेल तर त्याच्या एकक घनफळात किती ऊर्जा साठली असेल, याचे सूत्र लिहितात. बल त्या ऊर्जेच्या चढावरून, म्हणजे ताण वाढवताना ती किती झपाट्याने वाढते त्यावरून, काढले जाते. सर्वांत साधे सूत्र साखळ्यांच्या एन्ट्रॉपीवरून निघते, त्याला निओ-हुकियन म्हणतात, आणि त्यात एकच स्थिरांक असतो: दृढता गुणांक. एका दिशेने ताणलेल्या पट्टीसाठी ते शब्दांतही सांगता येते. नवी लांबी भागिले जुनी लांबी हे ताणगुणोत्तर घ्यावे, त्यातून त्याच्याच वर्गाचा व्यस्त वजा करावा आणि उरलेल्या संख्येला दृढता गुणांकाने गुणावे. मूळ क्षेत्रफळावरचे प्रतिबल मिळते.

दृढता गुणांक ०.४ मेगापास्कल धरून पाहू. लांबी दहा टक्क्यांनी वाढली तर हे सूत्र ०.११ मेगापास्कल सांगते आणि हुकचा सरळ नियम, म्हणजे सूत्राचा सुरुवातीचा चढ तसाच सरळ पुढे नेला तर, ०.१२ सांगतो, फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे. लांबी दुप्पट झाली की सूत्र ०.७० सांगते आणि हुकचा नियम १.२०. येथे फरक राहिला नाही, चूकच झाली. सूत्रातला तो वर्गाचा व्यस्त कुठून आला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर पहिल्या परिच्छेदातल्या चौरसात आहे: लांबी वाढताना रुंदी आणि जाडी घटलीच पाहिजे, आणि त्या घटण्याचा हिशेब त्या पदात येतो.

निओ-हुकियन सूत्र मर्यादित ताणापर्यंत चांगले चालते. ट्रेलॉर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये एकाच प्रकारच्या व्हल्कनाइज्ड रबरावर तीन तऱ्हांनी चाचण्या घेतल्या: एका दिशेने ओढून, दोन्ही दिशांनी सारखे ओढून, आणि रुंदी कायम ठेवून एका दिशेने ओढून. रबर सातपटींहून अधिक ताणले गेले. सुरुवातीला आलेख सूत्राप्रमाणे जातो, मध्ये जरा खाली झुकतो, आणि अखेरीस एकदम वर उसळतो, कारण साखळ्या सरळ होत होत संपत आलेल्या असतात आणि शिवाय ताणलेल्या नैसर्गिक रबरात स्फटिकही बनू लागतात. हे झुकणे आणि ही उसळी पकडण्यासाठी अनेक सूत्रे आहेत. मूनीने १९४० मध्ये सुचवलेले आणि रिव्हलिनने १९४८ मध्ये व्यापक केलेले सूत्र आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. ऑग्डेनचे १९७२ चे सूत्र अधिक लवचिक आहे. अरुडा आणि बॉइस यांच्या १९९३ च्या सूत्रात एका घनाच्या मध्यापासून आठ कोपऱ्यांकडे जाणाऱ्या आठ साखळ्यांची कल्पना आहे, आणि त्यात साखळीच्या लांबीची मर्यादा आपोआप येते.

या सूत्रांच्या बाबतीत एक सापळा इतका नेहमीचा आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. प्रयोगशाळेत एका दिशेने ओढण्याची चाचणी सर्वांत स्वस्त आणि सोपी असते, म्हणून बहुतेकांकडे तेवढीच आकडेवारी असते. चार-सहा स्थिरांकांचे सूत्र त्या एका आलेखावर इतके अचूक बसवता येते की रेषा आणि ठिपके वेगळे ओळखू येत नाहीत. मग तेच सूत्र एखाद्या फुगणाऱ्या पडद्यासाठी वापरले जाते, जिथे रबर दोन्ही दिशांनी ताणले जाते, आणि उत्तर कुठल्या कुठे जाते. कधी कधी तर ताण वाढवला तर बल कमी होते असा निष्कर्ष निघतो. एका दिशेची चाचणी दोन दिशांच्या ताणाविषयी फारच थोडे सांगते. अधिक स्थिरांक म्हणजे अधिक अचूकता, ही समजूत येथे उलटी पडते. हाताशी एकच चाचणी असेल तर एका-दोन स्थिरांकांचे साधे सूत्र घ्यावे आणि थोडी चूक पत्करावी, असे माझे मत आहे. ती चूक किमान कोणत्या बाजूची आहे ते तरी कळते.

पदार्थाचे सूत्र मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. वस्तूचा आकार बदलल्यामुळे बलाची दिशाच बदलते, आणि ही गुंतागुंत पदार्थ अगदी हुकच्या नियमाने वागला तरी उरते. दोन खिळ्यांमध्ये एक रबरी दोरी आडवी बांधली आहे, ती ताठही नाही आणि सैलही नाही, अशी कल्पना करा. तिच्या मध्यावर बोटाने आडवे दाबले तर सुरुवातीला विरोध जवळजवळ नसतोच, कारण दोरीची ओढ तिच्या लांबीच्या दिशेने असते आणि बोट त्या दिशेशी काटकोनात दाबत असते. दोरी थोडी वाकली की तिच्या ओढीचा एक हिस्सा बोटाच्या विरुद्ध येऊ लागतो, आणि जसजसे दाबावे तसतशी ओढही वाढते आणि तो हिस्साही वाढतो. परिणाम असा, की लहान विस्थापनांसाठी विस्थापन दुप्पट करायला बल आठपट लागते. मूळ सरळ आकार धरून हिशेब करणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमला ही दोरी दिसतच नाही. तो म्हणतो, विरोध शून्य आहे, विस्थापन अमर्याद आहे.

म्हणजे बल आकारावर अवलंबून आहे, आणि आकार बलावर. अशा परस्परावलंबी प्रश्नाचे उत्तर एका फटक्यात काढता येत नाही, म्हणून संगणक ते चाचपडत काढतो. वस्तूचे लहान लहान तुकड्यांत विभाजन करतात. या तुकड्यांना घटक, त्यांच्या कोपऱ्यांना नोड आणि सगळ्या जुळणीला मेश किंवा जाळी म्हणतात. नोड कुठे सरकले हे कळले की प्रत्येक घटक किती आणि कसा ताणला गेला ते कळते, त्यावरून ऊर्जा, ऊर्जेवरून बल. मग प्रत्येक नोडवर बाहेरून लावलेले बल आणि आतून आलेले बल यांचा ताळमेळ तपासतात. ताळमेळ सहसा नसतो. तेव्हा सध्याच्या आकारात वस्तू किती ताठ आहे ते काढून, उरलेला फरक मिटवण्यासाठी नोड किती सरकवावे लागतील याचा अंदाज करतात, नोड सरकवतात आणि पुन्हा तपासतात. ही न्यूटन-रॅफ्सन पद्धत. ती उत्तराच्या जवळ पोचली की झपाट्याने धावते: चूक शतांश असेल तर पुढच्या फेरीत दशसहस्रांश होते, त्यापुढच्या फेरीत तिचाही वर्ग. उत्तरापासून दूर असेल तर मात्र ती भलतीकडेच जाते, आणि म्हणून भार एकदम न लावता लहान टप्प्यांनी लावतात. प्रत्येक टप्प्याची सुरुवात मागच्या टप्प्याच्या उत्तरापासून होते.

येथवर आकार फार बदलतो त्याची कहाणी झाली. आता आकारमान न बदलण्याची. मी पहिल्यांदा रबराच्या ठोकळ्याचे सिम्युलेशन केले तेव्हा उत्तर व्यवस्थित मिळाले, चित्रही रंगीत आणि देखणे आले, फक्त ठोकळा हाताने दाबून पाहिलेल्या रबरापेक्षा कितीतरी ताठ निघाला. आकडेवारी पुन्हा तपासली, सूत्र पुन्हा तपासले. दोन्ही बरोबर होते. चूक जाळीत होती, आणि ती कशी हे कागदावर एका चौरसात दाखवता येते.

चौरसाची डावी आणि खालची बाजू भिंतीला चिकटवलेली आहे असे समजा, म्हणजे चारांपैकी तीन कोपरे पक्के झाले आणि वरचा उजवा कोपरा तेवढा मोकळा राहिला. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत कर्ण काढून चौरसाचे दोन त्रिकोण करा. आता अट अशी, की कोणत्याही त्रिकोणाचे क्षेत्रफळ बदलता कामा नये. खालच्या त्रिकोणाचा पाया म्हणजे चौरसाची खालची बाजू, ती पक्की आहे. क्षेत्रफळ कायम राहायचे तर त्याची उंची कायम राहिली पाहिजे, म्हणून मोकळा कोपरा फक्त आडवा सरकू शकतो. दुसऱ्या त्रिकोणाचा पाया म्हणजे डावी बाजू, तीही पक्की. म्हणून कोपरा फक्त उभा सरकू शकतो. एकाच कोपऱ्याला एक त्रिकोण फक्त आडवे जाऊ देतो आणि दुसरा फक्त उभे. तो जागचा हलूच शकत नाही. तो हलत नाही म्हणजे शेजारच्या चौरसाचे तीन कोपरे पक्के झाले, मग तिथला चौथाही अडकला, आणि असे करत करत सगळी जाळी गोठते. खरे रबर तर मजेत वाकले असते; ताठ झाली ती आपली जाळी. या प्रकाराला लॉकिंग म्हणतात.

आकारमानाची अट किंचित सैल केली तर जाळी पुरती गोठत नाही, पण ताठ राहतेच, आणि हा प्रकार अधिक फसवा असतो, कारण उत्तर येते आणि ते पटण्यासारखे दिसते. उपाय अनेक आहेत, परंतु त्यांच्या मुळाशी विचार एकच आहे. रबरातला दाब आकारावरून काढायचा नाही, तर त्याला स्वतंत्र अज्ञात राशी मानायचे आणि विस्थापनांबरोबर तोही सोडवायचा. शिवाय आकारमानाची अट प्रत्येक बिंदूवर न लादता संपूर्ण घटकावर सरासरीने लादायची, म्हणजे नोडना हालचालीला वाव राहतो. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये अशा घटकांना हायब्रिड किंवा मिश्र घटक म्हणतात. रबरासाठी ते निवडायचे राहून गेले असेल, तर बाकी कितीही काळजी घेतली तरी उपयोग नाही. तपासण्याची सोपी रीत अशी: जाळी दुप्पट बारीक करून पाहावी. उत्तर लक्षणीयरीत्या मऊ झाले, तर आधीच्या उत्तरात रबराबरोबर जाळीचाही ताठपणा मिसळला होता.

एवढे सगळे नीट केले तरी काही वेळा गणना मध्येच बंद पडते, आणि तेव्हा दोष गणनेचा नसून रबरच खरोखर तसे वागत असते. फुगा हे त्याचे घरगुती उदाहरण आहे. फुगवताना सुरुवातीला फार जोर लागतो, मग एका क्षणी तो अचानक सोपा होतो. गोल, पातळ, निओ-हुकियन फुग्यासाठी तो क्षण गणिताने काढता येतो: त्रिज्या मूळच्या १.३८ पट झाली की दाब कमाल पातळीला पोचतो आणि त्यानंतर फुगा मोठा होत असताना आतला दाब उतरत जातो. सिम्युलेशनमध्ये दाब टप्प्याटप्प्याने वाढवत नेला, तर कमाल पातळीच्या पुढच्या टप्प्यासाठी जवळपास उत्तरच नसते आणि न्यूटन-रॅफ्सन कोलमडते. दाबाऐवजी आत भरलेल्या हवेचे प्रमाण वाढवत गेले तर शिखर सुखरूप ओलांडता येते. जिथे अशी सोयीची राशी सापडत नाही, तिथे भार आणि विस्थापन दोघांनाही अज्ञात धरून आलेखाच्या वाटेवर ठरावीक अंतराची पावले टाकत जाण्याची आर्क-लेंग्थ पद्धत वापरतात. फुग्याची एक गंमत मात्र वरच्या सूत्रांपैकी एकातही नाही: एकदा फुगवून सोडलेला फुगा दुसऱ्यांदा सहज फुगतो. पहिल्या ताणात रबर मऊ पडते. याला मलिन्स परिणाम म्हणतात, आणि कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, मिसळलेल्या रबरात तो ठळकपणे दिसतो. म्हणून चाचणीचा तुकडा आधी दोन-चार वेळा ताणलेला होता की कोरा होता, हे आकडेवारीबरोबर लिहिलेले असावे.

शेवटी एक उदाहरण, ज्यात वरचे बरेचसे धागे एकत्र येतात. रबराचा पातळ, आयताकृती, रुंदीपेक्षा लांब असा पत्रा दोन्ही टोकांना रुंद पट्ट्यांमध्ये घट्ट पकडून ओढला, तर त्यावर ओढीच्या दिशेने लांबट सुरकुत्या पडतात. ताणल्यावर सुरकुत्या जायला हव्यात, पडायला नकोत, असे कोणालाही वाटेल. कारण पुन्हा आकारमानाचे आहे. लांबी वाढली म्हणून मधली रुंदी घटते, पण पकडीजवळ रुंदी घटू शकत नाही. या ओढाताणीत पकडीपासून थोड्या आतल्या भागात आडव्या दिशेने दाब निर्माण होतो, आणि पातळ पत्रा दाब सोसू शकत नसल्याने वर-खाली दुमडतो.

संगणकाला हे सहजी दिसत नाही. जाळी अगदी सपाट दिली तर उत्तर सपाटच येते, कारण पत्र्याने वर जावे की खाली, हे ठरवायला त्याच्याकडे काही आधारच नसतो. म्हणून सुरुवातीच्या आकारात जाडीच्या काही शतांश एवढी उंचसखलता मुद्दाम पेरावी लागते. वाकण्याला होणारा विरोध धरला नाही तर सुरकुत्यांची रुंदी ठरत नाही, आणि जाळी जितकी बारीक तितक्या सुरकुत्या बारीक निघतात. म्हणून वाकण्याचा हिशेब करणारे शेल घटक घ्यावे लागतात. आणि तरीही पत्र्यांचा जुना, विकृती (म्हणजे आकारातला बदल) लहान धरणारा सिद्धान्त वापरला, तर ओढ वाढेल तसतशा सुरकुत्या उंच होतच जातात. मोठ्या विकृतीचे पूर्ण गणित मात्र वेगळे सांगते, आणि प्रत्यक्ष रबरही तेच दाखवते: सुरकुत्या आधी वाढतात, मग ओसरू लागतात, आणि पुरेसे ओढल्यावर पत्रा पुन्हा सपाट होतो.